चुन्याची सापशिडी

मास्तरकी केलेली चार माणसं चहाला बसली की किस्से निघणारच. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. माझे निम्मे तर एकाच सापशिडीचे आहेत!

बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. देवळाली प्रवराजवळच्या एका शाळेत मी बाई होते. वर्गात फळा सोडला तर काही नव्हतं. म्हणून सारवलेल्या जमिनीवर चुन्यानं शंभर घरं आखली. फाशाऐवजी फोडलेले चिंचोके, आणि सोंगट्या म्हणून पोरंच!

*

पहिल्याच दिवशी हेडमास्तर तणतणत आले. "बाई, ही शाळा आहे की जुगाराचा अड्डा?"

"गुरुजी, एकदा खेळून तरी बघा."

त्या दिवशी मधली सुट्टी झालीच नाही. घंटा वाजवणारे गुरुजी सापाच्या शेपटीवर अडकले होते!

*

भागवतला वजाबाकी म्हटलं की रडू यायचं. एकदा सापानं त्याला सत्तावीसवरून नवावर आणलं.

"बाई, माझी अठरा घरं गेली!"

"अरे, ही वजाबाकीच की!"

"न्हाई बाई, ह्यो तर साप हाय!"

*

ऊसतोडीच्या टोळीतली गंगी हंगामापुरती शाळेत आली. सापाच्या तोंडाशी पोचली की खाली जायचीच नाही, शेजारच्या घरात सरकायची.

"गंगे, नियम काय आहे?"

"बाई, उसात साप दिसला की बाजूला व्हायचं. त्याच्या तोंडात कोन जातंय?"

नियम राहिला बाजूलाच. पण दिवाळीनंतर आलेली ही पोर संक्रांतीपर्यंत शंभरपर्यंत मोजू लागली. त्या चुन्याच्या रेघांचे उपकार मी अजून विसरले नाही.

*

एक दिवस खेळ ऐन रंगात आलेला. गंगीचा बाप दारात उभा राहिला, कडेवर तान्हं पोर.

"बाई, गंगीला न्हेतो. हिची आई अन् मी दोगंबी फडात. ह्याला कोन बघनार? उद्यापासून न्हाई यायची ती शाळंला."

गंगी ब्याण्णववर उभी होती. ती जागची हलली नाही, नुसती शंभराच्या घराकडे बघत राहिली. बापाचंही काही चुकत नव्हतं.

तेवढ्यात चव्वेचाळीसवर उभ्या असलेल्या हेडमास्तरांनी दोन्ही हात पुढे केले.

"द्या ते पोर इकडं. उद्याही आणा. माझी पाळी यायला वेळ आहे!"