साडू, तुळई आणि खांब

आमच्या धंद्यात भुसा आणि किस्से कितीही झाडले तरी संपत नाहीत. मी आणि माझा साडू दामू पेण-रोह्याकडे जुन्या घरांच्या तुळया बदलायचो. तुळई म्हणजे माळ्याचा भार घेणारं आडवं लाकूड. कापायचं काम माझं, मापं ठरवायचं दामूचं, शिव्या खायचं दोघांचं.

*

पेणच्या एका गणपती कारखानदाराला मधला खांब नको होता. रुंद पाटाच्या मूर्ती त्याला अडायच्या. दामू म्हणाला, "काढतो. पण मधला आधार गेला, की तुळई जास्त उंचीची, म्हंजे वरून खाली जाड लागंल. नुसती रुंद घालून भागत नाय."

घातली. ती इतकी खाली आली, की गिऱ्हाईक वाकल्याशिवाय आत येईना. आता हा आमच्यावर उखडणार, असं मला वाटलं. तो खूश.

"बरं झालं. आल्या आल्या नमस्कार होतोय."

*

त्याच कामात कडेचा एक खांब रोह्याहून यायचा राहिला होता. आमच्याकडे हायवेवर खांब नावाचं गावही आहे. आमचा फोन लागेना, म्हणून कारखानदाराने आमच्या शेजारच्या वाण्याला फोन लावला, "खांब कुठं अडकलाय हो?"

वाणी म्हणाला, "खांब कशाला अडकंल? कोलाडजवळ हाय. एसटी थांबते."

*

रोह्याजवळच्या एका शेतकऱ्याला खांब बारीक हवे होते, घर सुटसुटीत दिसावं म्हणून. दामूने समजावलं, "तुळई दमली की वाकते, करकरते, आधी सांगते तरी. बारीक खांब काय बोलत नाय, एकदम जातो."

चुलीपाशी बसलेली शेतकऱ्याची बायको म्हणाली, "म्हणजे तुळई ह्यांच्यासारखी, आन खांब माझ्यासारखा. जाड घाला."

*

खाडीकाठी हिराबाई म्हणून एक म्हातारी होती, मिठागरावर राबलेली. तिची तुळई वाळवीने खाल्लेली, आणि माळ्यावर वर्षाचं भात. आम्ही टेकू लावून नवी, जुनीपेक्षा जास्त उंचीची तुळई चढवली. टेकू काढायच्या वेळी घरचे सगळे अंगणात जाऊन उभे राहिले.

हिराबाई म्हणाली, "खात्री हाय ना रं?"

"व्हय, मावशे," दामू म्हणाला.

"मग बस तिच्याखाली."

दामू बसला. मी टेकू काढले. तुळई एकदा करकरली. दामू जागचा हलला नाही. लोक त्याच्या धीराचं कौतुक करू लागले. तो मला हळूच म्हणाला, "हात दे. पाय उचलत नाय."

हिराबाईने उंबऱ्यातूनच तुळईकडे बराच वेळ पाहिलं. मग सुनेला हाक मारली.

"सांजच्याला जावई येतोय. त्याचं अंथरूण हितंच, तुळईखाली घाल गो."