सोळा दाणे आणि वर आठ

ही गोष्ट मी आजवर टाळली. बायकोला अर्धी सांगितली, तीही फिरवून. मुलांना काहीच माहीत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी वर्तमानपत्रात एक चौकट येते: देशात सर्वांत जास्त पाऊस कुठे झाला, एका दिवसात कुठे किती पडला, उन्हाळ्यात पारा कुठे सगळ्यांत वर गेला. हिवाळ्यात सातपुड्यातल्या डाबकडे दव गोठल्याचा फोटो येतो. घरातले सगळे ती पानं हौसेने वाचतात. मी पान उलटतो. त्या चौकटींमधले आकडे कुणीतरी, कुठेतरी, सकाळी साडेआठ वाजता उभं राहून मोजलेले असतात. त्यातला एक आकडा मी बुडवला आणि त्याच्याबरोबर एक माणूस बुडवला.

ज्या खात्यात मी नोकरी केली त्याचं नाव लिहीत नाही. खात्याची चूक नव्हती. मी कारकून होतो, खांडबाऱ्याच्या एका छोट्या कार्यालयात. नवापूरच्या बाजूला, गुजरातच्या हद्दीला लागून जे डोंगर आहेत, तिथे आमचा एक लघुतलाव होता. तलावाच्या चौकीसमोर पर्जन्यमापक होतं. हिरवं फायबरचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. बाटली भरून वाहू लागली की जादाचं पाणी बाहेरच्या डब्यात साठतं. रोज सकाळी साडेआठला ते पाणी काचेच्या मापाने मोजायचं. एका मापात वीस मिलिमीटर मावतात. मोजून झालं की आकडा चौकीच्या पुस्तकात टिपून मला फोनवर कळवायचा, मी माझ्या पुस्तकात लिहून वर पाठवायचा.

मोजणारा माणूस तिथलाच होता, रोजंदारीवरचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. घरी मावची बोलायचा. मी त्याच्याशी आमच्या कोरीटकडच्या अहिराणीत बोलायचो, तो मला शाळेतल्या मराठीत उत्तर द्यायचा, जपून, एकेक शब्द ठेवत. पूर्वी तो मोहाची दारू फार प्यायचा. मग एका रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, आजपासून शिवणार नाही. त्यानंतर खरंच शिवला नाही. लग्नाच्या मांडवात कुणी पुढे केली तर हात जोडायचा. लोक त्याचं नाव मुलांना सांगायचे, बघा, मनात आणलं तर होतं. शेत थोडं, घर कुडाचं. ती एक गोष्ट त्याने कमावलेली होती.

त्याची मोजायची एक पद्धत होती. जोराचा पाऊस असला की मापं मोजताना माणूस चुकतो, आठ झाली की नऊ, कळत नाही. म्हणून तो एक माप ओतलं की मक्याचा एक दाणा खिशात टाकायचा. बाटलीतल्या पाण्याचे दाणे डाव्या खिशात, बाहेरच्या डब्यातल्या पाण्याचे उजव्या. शेवटी दाणे मोजायचे, शेवटच्या अर्धवट मापाच्या रेघा त्यात मिळवायच्या. मी त्याची टिंगल करायचो.

"काय रे, आज कितला दाना? कोंबडीले ठेव काही."

"कोंबडी उपाशी आहे भाऊसाहेब," तो म्हणायचा, "पाऊसच नाही."

आणखी एक रीत सांगायला हवी. तलावाच्या खाली, गावाहून खांडबाऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर नाल्याची फरशी आहे, म्हणजे पूल नाही, नाल्याच्या तळातूनच नेलेला सिमेंटचा रस्ता. आकडा दोनशेच्या वर गेला की मी खालच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन करायचा, आणि तो फरशीवर दोर बांधायचा. दोन्ही काठांवरच्या झाडांना, लाल फडकं लावून. दोर बांधलेला असला की कुणी उतरत नसे. नवरदेवाची गाडी आली तरी काठावर थांबायची. डोंगरातली माणसं पाण्याला घाबरत नाहीत, पण तो दोर मानत.

त्या दिवशी खांडबाऱ्याचा बाजार होता. आदल्या दुपारपासून डोंगरात काळं होतं. खांडबाऱ्यात मात्र नुसती भुरभुर. सकाळी मी कार्यालयात आलो तेव्हा बाकीच्या ठिकाणांचे आकडे येऊन गेले होते. कुठे चाळीस, कुठे साठ. तलावाचा फोन नऊला दहा कमी असताना आला. त्याला फोन करण्यासाठी चौकीच्या मागच्या टेकडीवर चढावं लागायचं. तिथे गुजरातचं टॉवर पकडायचं, तेही मध्ये मध्ये.

"भाऊसाहेब, तीनशे अठ्ठावीस."

"कितला?"

"तीनशे अठ्ठावीस. सोळा दाणे आणि वर आठ. सांडव्याचा आवाज बदललाय भाऊसाहेब. दोर..."

"सकायमा पी बठना का रे?"

मी हे हसत म्हटलं होतं. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. तो हसला नाही.

"दोन वेळा मोजले दाणे," तो म्हणाला, आणि फोन तुटला.

मी पुस्तक उघडून बसलो. तीनशे अठ्ठावीस. आमच्या पुस्तकात इतका मोठा आकडा कधीच नव्हता. आदल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणच्या माणसाने असाच मोठा आकडा दिला होता, मी तो तसाच पाठवला आणि तो चुकीचा निघाला. मापातलं पाणी बाहेर न फेकता तो डब्यात ओतत गेला होता आणि डबा पुन्हा मोजला होता. तेच पाणी दोनदा. वरच्या कार्यालयातला साहेब महिनाभर मला विचारत होता, "काय भाऊसाहेब, नंदुरबारला समुद्र आला का?" चार माणसांसमोर. मला निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. ते वाक्य मला परत ऐकायचं नव्हतं.

मी त्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. गुजराती बाई काहीतरी सांगत राहिली. सव्वानऊला वरून विचारणा आली, तुमचा आकडा राहिलाय. मी स्वतःशी म्हटलं, यानेही दोनदाच मोजलंय. तीनशे अठ्ठावीसचे निम्मे केले. एकशे चौसष्ट. तसं पुस्तकात लिहिलं, तसंच वर सांगितलं.

एकशे चौसष्ट म्हणजे दोनशेच्या आत. पोलीस पाटलाला फोन करायचं कारण उरलं नाही.

तरी मी फोन हातात घेतला होता. दोनदा. पाटलाचा नंबर काढला. मग वाटलं, बाजाराचा दिवस आहे, लोकांना उगाच काठावर अडवलं आणि पाणी आलंच नाही तर पुन्हा हसतील. चहा मागवला. खिडकीतून समोरचा रस्ता दिसत होता. डोंगराकडून येणाऱ्या जीपा त्याच रस्त्याने बाजारात जातात. पावणेदहापर्यंत दोन आल्या, चिखलाने माखलेल्या, टपावर माणसं. मला बरं वाटलं. म्हटलं, येतायत म्हणजे फरशी ठीक आहे. मग दहा वाजले. सव्वादहा. जीप येईना. मी चष्मा पुसून पुन्हा रस्त्याकडे बघितलं. शिपायाने विचारलं, "कोनी वाट देखी ऱ्हायनात?" मी म्हटलं, कोणाची नाही.

पावणेअकराला पोलीस पाटलाचाच फोन आला.

तिसरी जीप फरशीवर असताना पाण्याचा लोंढा आला होता. जीप आडवी झाली. पुरुषांनी एकमेकांचे हात धरून बहुतेकांना काढलं. एक बाई राहिली. करटुल्यांची टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. ती दुसऱ्या दिवशी खाली, उसाच्या शेतात सापडली. ती त्याच्याच गावची, त्याच्याच मंडळीतली होती.

मी तिसऱ्या दिवशी चौकीवर गेलो. तो पायरीवर बसला होता. मला बघून उठला, आत गेला आणि दोन डबे घेऊन आला. तंबाखूचे छोटे डबे. त्याने दाणे फेकले नव्हते.

"हा डावा खिसा," तो म्हणाला आणि दाणे पायरीवर ओतले. दहा. "बाटली भरून वाहत होती, काठोकाठ. हा उजवा. डब्यातलं." सहा.

मी बघत होतो.

"भाऊसाहेब, तुम्हाला वाटलं मी पाणी परत ओतलं. पोलीस पाटील सांगत होता, तुमच्याकडे एकशे चौसष्टच आहे, म्हणजे बरोबर निम्मे. पण परत ओतलं असतं तर दोन्हीकडे सारखे झाले असते ना? आठ इकडे, आठ तिकडे."

मला एका क्षणात कळलं. हिशेब इतका सरळ होता की त्याला खोडायला जागा नव्हती. दहा आणि सहा. पाणी खरंच तेवढं पडलं होतं, आणि त्याने ते बरोबर मोजलं होतं, मुसळधार पावसात, ओल्या हातांनी. मी एवढंच म्हणालो, "बघू. साहेब येतील तेव्हा बघू." त्याने दाणे पुन्हा डब्यांत भरले.

साहेब आठवड्याने आले. चौकीच्या ओट्यावर खुर्च्या टाकल्या. त्याच्या पुस्तकात तीनशे अठ्ठावीस, माझ्या पुस्तकात एकशे चौसष्ट. साहेबांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून विचारलं, "हे काय?"

तो उभा होता, हातात दोन डबे. बोलायला लागला, "साहेब, मी दाणे..." आणि अडखळला. चार साहेब समोर बसले की त्याची मराठी तुटायची. साहेबांबरोबरचा एकजण हसला. "मक्याचे दाणे? पाऊस मोजायला?" सगळे हसले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगीन, असं त्याला वाटत होतं. मला दाण्यांचं माहीत होतं, डाव्या-उजव्याचं माहीत होतं, आणि मी भाऊसाहेब होतो.

साहेबांनी मला विचारलं, "फोनवर याने काय सांगितलं होतं?"

मी म्हणालो, "एकशे चौसष्ट."

"मग हे तीनशे?"

"पूर आल्यावर लिहिलं असेल, साहेब."

"माणूस कसा आहे?"

इथे मी थांबू शकलो असतो. एक खोटं झालं होतं, तेवढ्यावर कदाचित भागलंही असतं. पण मला भीती होती की कुणीतरी डबे उघडेल. म्हणून मी म्हणालो, "माणूस चांगला आहे साहेब. आधी पीत असे. त्या दिवशी फोनवर आवाज जरा जड वाटला होता."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता. माप हातातून निसटून फुटल्यावर माणूस जसा जमिनीकडे बघतो, तसा बघत होता. ओट्याखाली गावातली दहा-पंधरा माणसं उभी होती. त्यांनी ते वाक्य ऐकलं.

त्याचं काम गेलं. ते एक. पण गावात सगळे म्हणू लागले, याने पुन्हा धरली, म्हणून दोर बांधला गेला नाही, म्हणून ती बाई गेली. चर्चमध्ये तो मागच्या भिंतीला बसायला लागला. पुढे बायकोला घेऊन ऊसतोडीला गुजरातेत गेला. मी पुढच्या वर्षी निवृत्त झालो. शाल, नारळ, भाषणं. वरच्या साहेबांनी भाषणात सांगितलं, यांचे आकडे कधी चुकले नाहीत.

मध्ये बरीच वर्षं गेली. आम्ही नंदुरबारला राहायला आलो. तो गावी परतल्याचं कळलं तेव्हा बायकोच म्हणाली, "जाई या ना एकदाव. तोंड उघडाले काय लागस?" तिला एवढंच माहीत होतं की माझ्यामुळे एका माणसाची नोकरी गेली.

गेलो. बसमध्ये पूर्ण वेळ वाक्यं जुळवत होतो. फरशीच्या जागी आता पूल झालाय. तो अंगणात खाटेवर होता, खूप खंगलेला. मला ओळखून उठायला लागला, मी बसवलं. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला आणि आत निघून गेली, माझ्याकडे न बघता. कौलांपासून दूर, मोकळ्या जागेत एक पत्र्याचा डबा ठेवलेला होता. दगडांनी टेकू दिलेला, सरळ.

"अजून मोजतोस?" मी विचारलं.

"सवय," तो म्हणाला. "तुमच्याकडे काल किती झाला, भाऊसाहेब?"

"माहीत नाही."

"इथे बरा झाला."

मग तो पावसाबद्दल बोलत राहिला, भाताबद्दल, खोकल्याबद्दल. मी हो हो करत राहिलो. तोंडाशी आलेलं दोनदा गिळलं. शेवटी शेवटच्या बसची वेळ झाली असं म्हणून उठलो. शेवटच्या बसला अजून दोन तास होते. तो अंगणाच्या कडेपर्यंत आला, काठी टेकत, आणि थांबून उभा राहिला. मी काहीतरी बोलेन म्हणून उभा होता, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हणालो, "येतो."

गेल्या माघात तो वारला. मला महिन्याने समजलं. त्याच्या मंडळीतल्या लोकांपर्यंत हा कागद पोचेल, अशी व्यवस्था मी केली आहे. त्यांनी तो त्याच्या बायकोला वाचून दाखवावा. त्या दिवशी त्या तलावावर तीनशे अठ्ठावीस मिलिमीटर पाऊस पडला. तो बरोबर मोजला गेला. मोजणारा शुद्धीत होता, शेवटपर्यंत शुद्धीत राहिला. पुस्तकातला आकडा माझा आहे आणि तो खोटा आहे.

आणि बसमध्ये जुळवलेली वाक्यं ही होती. त्याच्याशी नेहमी बोलायचो त्याच बोलीत. त्याच्या अंगणात, त्या सरळ ठेवलेल्या डब्यासमोर, ती माझ्या तोंडातून निघाली नाहीत:

भाऊ, तुन्हा आकडा खरा व्हता. तू पेल नव्हता. खोटं मी बोलनू. माले माफ कर.