उंदराचं औषध

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर मी आयुष्यात एकच औषध चुकीचं सांगितलं, आणि ती चूक जाणूनबुजून तशीच राहू दिली. पंचवीस वर्षं होऊन गेली, ती अजून पचलेली नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. माजलगावात बाजाराच्या रस्त्याला दुकान, लायसन माझ्या नावावर. थोरला भाऊ पोलीस भरतीच्या मागे लागलेला. रोज पहाटे धरणाकडे पळायला जायचा. वयाच्या अटीत बसायची ती शेवटची भरती, आणि महिना उरला असताना त्याच्या टाचेमागची शीर दुखावली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पळायचं नाव काढू नको. दादानं बोलणंच टाकलं. ताटातली भाकरी तशीच राहायची, आणि आमचे वडील, अप्पा, त्याच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचे.

त्याचा एक जिवलग दोस्त होता. तेलगाव रस्त्याला त्याच्या अब्बांचं मोटारसायकलींचं गॅरेज. हा दोन वर्षं आखातात काम करून नुकताच परतलेला. बाहेरच्या वस्तूचं तेव्हा आम्हाला भारी अप्रूप. परदेशी साबणाचं रिकामं खोकंसुद्धा लोक हुंगून बघायचे. दादाचं ऐकून त्यानं तिकडून येणाऱ्या एका माणसाच्या हाती पाच बाटल्या मागवल्या. करंगळीएवढ्या, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. सोबत इंग्रजीतला एक कागद.

एका दुपारी दोघं दुकानात आले. दादानं शटर अर्धं खाली ओढलं, स्टुलावर बसला आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"टोच."

मेडिकलमध्ये सुई टोचायची परवानगी नसते. अडल्यानडल्याला मी टोचायचे, खोटं कशाला बोलू? पण आधी बाटली उजेडात धरली. कुणी बनवलं, लायसन नंबर, बॅच, मुदत. हातात औषध आलं की आमची नजर आपोआप तिकडेच जाते. इथं यातलं काहीच नव्हतं.

"कावून थांबलीस? कागद वाच की."

वाचला. वर लिहिलं होतं की हा प्रथिनाचा एक बारीकसा तुकडा आहे, आणि उंदरांच्या तुटलेल्या शिरा त्यानं लवकर सांधल्या. खाली बारीक अक्षरात: फक्त संशोधनासाठी, माणसांना देऊ नये. दोस्ताला कुणीतरी फक्त वरचं सांगितलं होतं, तेही उंदीर वगळून.

"दादा, हे अजून माणसांवर तपासलेलं नाही."

"मग माज्यावर तपास."

"आणि पाय सडला तर? भलतंच काही झालं तर?"

"हू दे. भरती झाल्यावर बघू."

"मी नाही टोचणार."

"नको टोचू. गावात सुया काय कमी हायत?" असं म्हणून त्यानं बाटली माझ्या हातातून काढून घेतली.

ते खरंच होतं. पैसे टाकले की टोचणारे दहा जण मिळाले असते. मला संताप आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. तोंडातून निघून गेलं, "अरे, उंदरांचं औषध आहे हे!"

मला म्हणायचं होतं, उंदरांवर तपासलेलं. पण आपल्याकडे उंदराचं औषध म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कणकेच्या गोळीत घालून गोदामात ठेवतात ते. दादाच्या हातातली बाटली फरशीवर पडून फुटली. तो दोस्ताकडे वळला.

"जहर टोचाया निगालतास व्हय बे मला?"

"अबे, खुदा कसम, तुज्यासाठी आणलो मी! ताई, तुमी तरी सांगा याला!"

तो माझ्याकडे बघत होता. दोन शब्द पुरले असते. पण ते बोलले असते तर दादा संध्याकाळपर्यंत दुसरीकडे जाऊन सुई घेणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी मान खाली घालून कागदाची घडी करत बसले. दादानं त्याला कॉलर धरून शटरबाहेर काढलं.

पुढच्याच आठवड्यात बीडहून औषध निरीक्षक तपासणीला आले. काउंटरवरच राहून गेलेल्या उरलेल्या चार बाटल्या मी घाबरत घाबरत स्वतःच पुढे ठेवल्या. त्यांनी फिरवून बघितल्या.

"बाई, हे बनावटसुद्धा नाही. बनावट व्हायला आधी खरं असावं लागतं. हे अजून औषधच झालेलं नाही."

"पण साहेब, गुण येतो का?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, म्हणून तर विकता येत नाही."

तंबी देऊन ते बाटल्या घेऊन गेले. कायद्यानं माझं बरोबर होतं, तरी मला झोप लागेना.

दादा टाचेला पट्टी बांधून बीडच्या मैदानावर पळालाच. अर्ध्यातच खाली बसला. पुढे त्यानं खताबियाण्याचं दुकान काढलं, पाय कायमचा अधू राहिला. गाडी बंद पडली तर भर उन्हात ढकलत लांबच्या गॅरेजला न्यायचा, पण दोस्ताच्या गॅरेजच्या दारात त्यानं पाऊल ठेवलं नाही.

गेल्या वर्षी त्याचा मुलगा जिममध्ये खांदा दुखावून घरी आला. माझ्यापुढे मोबाइल धरून म्हणाला, "आत्या, हे मागवू का? जिममधले सगळे घेतात."

तशीच करंगळीएवढी बाटली. खाली तीच ओळ: फक्त संशोधनासाठी. "नको रे," मी म्हटलं, "माणसांवरचा धड पुरावा अजून नाही."

शेजारी बसलेल्या दादानं वाकून बघितलं. "हे ते उंदराचं औषध न्हवं का?"

आता गप्प बसणं मला जमेना.

"उंदीर मारायचं नव्हे, दादा. उंदरांवर तपासलेलं. त्यांच्या शिरा सांधल्या होत्या म्हणे. कागदावर होतं ते. मी वाचलं होतं."

दादानं पुढ्यातला मोबाइल बाजूला सारला.

"म्हंजी त्यानं जहर आणलं न्हवतं."

"नाही."

"आन् तू गप ऱ्हायलीस."

"तुला काही झालं असतं तर, म्हणून."

"मला व्हायचं ते झालंच की," तो म्हणाला. मग कोरडं हसला. "उंदरं तरी पळाली म्हण."

खुंटीवरची किल्ली घेऊन तो लंगडत पायऱ्या उतरला. कुठं निघालास, विचारलं, तर म्हणाला, "गाडीतनं आवाज येतोय. दाखवून येतो." गाडी महिन्यापूर्वीच नवी घेतलेली होती.

"मीही येऊ का?"

त्यानं मागे वळून बघितलं नाही. "न्हाई. आदी त्याची माफी मागतो. तुजं मागनं बघू."