दाजींचं निळं पाणी

संकोच नावाची वस्तू ज्याच्या आसपास कधी फिरकली नाही असा उभ्या नेवाशात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला होता. दारात पाहुणा आला की घरोघर त्याला आधी पाणी देतात. आमचे दाजीही द्यायचे, पण हातात तांब्या देता देता त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे, "रक्त कमी आहे तुमचं," असं सांगून टाकायचे आणि जाण्यापूर्वी एक बाटली भरून ठेवायला बजावायचे. कसली बाटली हे पाहुण्याच्या ध्यानात येईपर्यंत ताईने स्वयंपाकघरात पदराचा बोळा तोंडात कोंबलेला असे. दाजी गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करायचे. रक्त, लघवी, थुंकी आणि जेवणाआधी ज्याचं नाव घेऊ नये ते, असं सगळं त्यांच्या टेबलावर यायचं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि वडील गेल्यापासून ताईकडेच राहत होते, त्यामुळे या टेबलावरच्या बातम्या मला रोज जेवताना ऐकाव्या लागत.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे दवाखान्याची मागची पडवी. तिथे त्यांची दुर्बीण होती. सूक्ष्मदर्शक हा शब्द दाजींना ठाऊक होता, पण तो म्हणेपर्यंत ऊन निघून जातं अशी त्यांची तक्रार होती. गावात वीज नव्हती. दुर्बिणीच्या खालच्या आरशावर ऊन पडलं तरच वरून हिवतापाचे जंतू दिसायचे, म्हणून दाजींचं टेबल सकाळी पूर्वेच्या कोपऱ्यात असायचं आणि दुपार कलली की सरकत सरकत पश्चिमेच्या खांबाला जाऊन टेकायचं. आभाळात ढग आला की बाटली फोडणाऱ्या कंपाउंडरकडे बघावं तसे ते वर बघायचे. एखादा रोगी उत्सुकतेने जवळ येऊन वाकला की "बाजूला हो बाबा, तुझ्या सावलीत तुझाच ताप दिसेना झालाय" म्हणून खेकसायचे. पावसाळ्यात तर डॉक्टरसुद्धा "ऊन आलं का हो?" असं पडवीकडे ओरडून विचारायचे आणि मगच रोग्याला बसवून घ्यायचे.

बोटाला सुई टोचण्यात मात्र त्यांचा हात फार हलका. एकदा एक शेतकरी हात पाठीमागे लपवून उभा राहिला. "लई रगत काढू नका दादा, पेरनी तोंडावर आलीया," म्हणाला. दाजी म्हणाले, "अरे, ढेकूण रोज रात्री याच्या दसपट पितो आणि त्याला तू अंथरूण घालून देतोस. मी थेंब मागतोय तर पेरणी आठवली होय?" तो हसायला लागला आणि हसता हसता टोचूनही झालं. महायुद्धाच्या लढाईमुळे काचेच्या वस्तू मिळेनाशा झाल्या होत्या. लोक लघवी आणायचे ती हाताला लागेल त्या भांड्यात. कुणी तेलाच्या बाटलीत, कुणी शाईच्या दौतीत. एका म्हातारीने तर घासूनपुसून लखलखीत केलेल्या तांब्यात आणली, वर धुतलेलं फडकं झाकलं आणि दोन्ही हातांनी नैवेद्यासारखी दाजींपुढे ठेवली. दाजींनीही ती तितक्याच आदराने उतरवून घेतली.

त्यांचा खरा जीव होता तो निळ्या पाण्यावर. नळीत ते औषधी निळं पाणी घ्यायचं, लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर माणूस ठीक. साखर असेल तर हिरवं, मग पिवळं, आणि फार असेल तर विटेसारखं लाल. दाजींच्या मते जगात निळी माणसं आणि लाल माणसं अशा दोनच जाती होत्या. नळीचा निकाल म्हणजे निकाल. तो चुकू शकतो असं कुणी सुचवलं की दाजी जेवण सोडून उठायचे.

अशा माणसाच्या घरात मी लग्नाची होते. जामखेडचे एक मास्तर वडिलांना घेऊन मला बघायला आले. त्यांच्या मामाचं प्रवरेकाठी गुऱ्हाळ होतं, तिथे ते उतरले होते. पोहे झाले, प्रश्न झाले, त्यांच्या वडिलांनी पत्रिकेसाठी खिशात हात घातला तेव्हा दाजी म्हणाले, "पत्रिका राहू द्या. उद्या मुलाची सकाळची पहिली लघवी पाठवा." वडिलांचा हात खिशातच राहिला. ताईने डोळे मिटून घेतले. मास्तर मात्र खो खो हसले आणि म्हणाले, "पाठवतो." त्या हसण्यावर मी मनातल्या मनात लग्न ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावरचा गडी बाटली घेऊन आला. "मास्तरांनी दिलीया. सांडू नका म्हनले," एवढं सांगून गेला. दुपारी दाजी घरी आले ते ताटावर बसलेच नाहीत. "स्थळ नको," म्हणाले. "पाणी लाल झालं. भाजल्या विटेसारखं."

"दाजी, मला चालेल," मी म्हटलं. मोठ्यांपुढे अशा बाबतीत तोंड उघडण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"तुला चालेल गं, त्याच्या शरीराला नाही चालायचं," दाजी म्हणाले. त्या काळी तरण्या माणसाला साखर म्हणजे घरात मरणाची चाहूलच असायची, आणि लढाईच्या दिवसांत औषध नगरलासुद्धा धड मिळत नव्हतं. पण दाजींनी ही गोष्ट मास्तरांच्या मामाला सांगितली ती भर बाजारात, आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात. संध्याकाळपर्यंत गुऱ्हाळावर तेच. मास्तरांचे वडील मुलाला घेऊन तरातरा जामखेडला निघून गेले. "आमच्या धडधाकट पोराला रोगी ठरवलं, आता त्या घरची पोरगी सोन्यानं मढवून दिली तरी नको," असा निरोप त्यांनी ठेवला. मी शाळेत फळ्याकडे तोंड करून शिकवायला लागले. मुलींना वाटलं बाई रागावल्यात.

दवाखान्यातल्या बाटल्या ताई परसात वेगळ्या पातेल्यात उकळून द्यायची. त्या आठवड्यात तिने एका बाटलीत आधी कढत पाणी ओतलं आणि परसभर वास सुटला. "अहो, इकडे या बरं," तिने हाक मारली, "ही गुऱ्हाळावरून आलेली बाटली काकवीची आहे. तळाशी चिकटलीय अजून." दाजी आले. त्यांनी बाटली उन्हात धरली, हुंगली आणि दवाखान्यातून दिवा आणि निळं पाणी घेऊन आले. बाटलीतलं ते नुसतं पाणी नळीत घेऊन उकळलं. हिरवं झालं, पिवळं झालं, लाल झालं.

"आता काय, आमच्या आडाला साखरेचा रोग झाला म्हणायचा का?" ताई म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी जामखेडला निघाले. लाकडी पेटीत दिवा, नळ्या, निळं पाणी आणि स्वतःच्या हाताने उकळून, तोंडाला कापूस लावलेली एक बाटली. तेव्हाच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढ आला की उतारूंना ढकलाव्या लागायच्या. दाजींनी पेटी उराशी धरून एका खांद्याने मोटार ढकलली म्हणे. क्लीनरने विचारलं, "काय हाय वो पेटीत येवढं?" दाजी म्हणाले, "लग्न आहे. आपटू नकोस."

परत आले ते धुळीने पांढरे होऊन. "निळं राहिलं," एवढंच बोलले आणि ताईकडे भाकरी मागितली. ती माणसं राजी कशी झाली, हे ताईने खोदखोदून विचारलं. "रंग दाखवला," यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही. पुढच्या मुहूर्ताला माझं लग्न झालं.

दाजी गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा तेरावा करून परतताना मोटारीत आमच्या मास्तरांनी मला त्या दिवसाची हकीकत सांगितली. दाजींनी त्यांना आपण जिवंत असेपर्यंत न बोलण्याची शपथ घातली होती. मास्तरांच्या वडिलांनी दाजींना घरात घेतलं नव्हतं. ओट्यावरच उभं करून विचारलं होतं, "सोयरिकीला आलेल्या माणसाकडे असलं काही मागताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"पूर्वी वाटायचं," दाजी म्हणाले होते. "या पोरीच्या वडिलांना रात्रभर तहान लागायची, अंग झडत चाललं होतं. मला दिसत होतं. पण जावयाने सासऱ्याकडे लघवी मागायची कशी? बाटली खिशात घेऊन जायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायचो. मग त्यांच्या पाठीत साखरेने चिघळलेली काळपुळी झाली, आणि त्यातच ते गेले. तेव्हापासून मी कुणाला सोडत नाही. बाटली पाहून घेतली नाही ही चूक माझी आहे, तिची शिक्षा त्या पोरीला देऊ नका."

 मास्तरांच्या वडिलांनी दाजींच्या हातातली बाटली घेतली आणि स्वतः आत जाऊन मुलाला दिली.

हे ऐकल्यावर मी खिडकीकडे तोंड केलं. वडिलांसाठी मी कधीच रडून घेतलं होतं. त्या दिवशी मोटारीत मी रडले ती आमच्या दाराशी येऊन, खिशातली रिकामी बाटली खिशातच ठेवून परत फिरलेल्या त्या तरण्या जावयासाठी.