फसलेल्या कागदांचं प्रदर्शन

हातकागदाच्या कारखान्यात त्यांना सगळे काटाकाका म्हणत, कारण त्यांनी उचललेला प्रत्येक कागद वजनकाट्यावर सारखाच भरायचा. बायकोला ओघानेच काटाकाकू म्हणू लागले. ती म्हणायची, "माझं वजन करू नका म्हणजे झालं."

एकतीस वर्षं माणूस एकाच हौदाशी उभा. चिंध्यांचा लगदा पाण्यात ढवळायचा, जाळीची चौकट बुडवायची, अलगद आडवी उचलायची, की झाला कागद. बोलायला सोपं आहे हो. पण दोन वर्षांपासून काकांचा उजवा हात थरथरत होता. कागद एका कडेला जाड, दुसरीकडे विरविरीत व्हायचा. हे बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, कारण फसलेला कागद ओला असतानाच परत हौदात सोडता येतो. लगद्याचा लगदा, ना पुरावा ना बोभाटा. चार फसायचे, पाचवा जमायचा. दिवसाचं काम भरायला काका तासभर आधी यायचे आणि जेवणाची सुट्टी बुडवायचे. हौद सुटला तर घरात भिंतीकडे बघत बसावं लागेल, या धास्तीने त्यांचा जीव अर्धा झाला होता.

अशात एक चित्रकार बाई आली. दोन महिने कारखान्यातच राहून कागदावर प्रयोग करणार होती. मालकांनी तिला काकांच्या हाताखाली दिलं. पोरगी कामसू, बोलायला गोड. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना अडवलं.

"काका, तो परत टाकू नका. मला द्या."

"अहो, वाया गेलाय तो."

"म्हणूनच."

असतात एकेकाचे छंद, असं म्हणून काकांनी दिला. मग रोजच चारेक देऊ लागले. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. त्या फसलेल्या कागदांकडे आजवर कुणी प्रेमाने पाहिलं नव्हतं.

मुक्काम संपताना तिने गोदामात प्रदर्शन मांडलं. दोनशे बारा कागद, तारखेवार, दोरीवर टांगलेले. खाली पाटी, 'एका हाताची थरथर'. तिला बिचारीला वाटलं, काकांचा मान होतोय. मालक पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत चालत गेले. जन्म कागदात गेलेला माणूस, त्यांना पाटी वाचायची गरजच नव्हती.

"काका, हे सगळे तुमचे?"

काकांनी उजवा हात पाठीमागे नेला. बाई मध्ये पडली, "मीच सांगितलं होतं, मुद्दाम हात हलवा म्हणून." धडधडीत खोटं, पण आपण काय करून बसलो हे कळल्यावर तिने आणखी काय करायचं?

"असं होय," मालक म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट सुटका झाल्यासारखं वाटलं त्यांना. "मग एक सरळ उचलून दाखवा, काका."

सगळे हौदाशी गेले. काकांनी चौकट बुडवली, श्वास रोखला, उचलली. पाणी एका कोपऱ्याकडे धावलं, लगदा त्याच्यामागे गेला, आणि कागदावर एक लाट उमटून तशीच राहिली.

"वा!" बाईच्या तोंडून निघून गेलं. तिने घाईने तोंडावर हात ठेवला. मालकांनी पुढे होऊन चौकट काकांच्या हातातून काढून घेतली आणि ती धरायला शेजारच्या हौदावरच्या माणसाला हाक मारली.