कानसेन आणि रुळाकाठचे कान

मालगाड्यांच्या त्या यार्डात त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक होतं. बाकी सगळे त्याला कानसेन म्हणत. गाडी हळूहळू यार्डात शिरू लागली की हा रुळांपासून चार हात लांब उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा आणि पन्नास-साठ डब्यांची चाकं कानासमोरून जाऊ द्यायचा. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकामागून चाक ठोकत निघायचा. चांगलं चाक टणकन बोलतं, तडा गेलेलं फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं.

"चाक माणसापेक्षा बरं," तो म्हणायचा. "एक टोला दिला की खरं सांगून मोकळं होतं."

सव्वीस वर्षं हे काम. सोळा तडे त्याच्या कानानं पकडले होते आणि ते सोळाही त्याला तारीखवार पाठ होते. गर्व नव्हता असं नाही. तो लपवायची तसदी मात्र त्यानं कधी घेतली नव्हती.

बायको शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. दिवसभर मुलांना "हळू बोला" म्हणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याशी ओरडून बोलायचं, या ओढाताणीत तिचा घसा कायमचा बसलेला. चार हाका मारल्यावर हा मान वर करायचा आणि म्हणायचा, "ऐकलं मी. विचार करत होतो."

"लोखंडाचं बरं पहिल्या हाकेला ऐकू येतं," ती म्हणायची आणि पाचवी हाक गिळून टाकायची.

मग एके दिवशी यार्डाच्या तोंडाशी, रुळांच्या दोन्ही बाजूंना, करड्या रंगाच्या पेट्या बसल्या. बुटांच्या खोक्याएवढ्या. त्यांच्याबरोबर एक इंजिनिअरबाई आल्या. चाळिशीच्या, पायात मोठे बूट, पाठीवर पिशवी आणि पिशवीत सतत काहीतरी शोधणारा हात. त्यांनी सगळ्यांना गोळा करून समजावलं. गाडी पेट्यांमधून गेली की प्रत्येक चाकाचा आवाज टिपला जातो, उष्णता मोजली जाते आणि कुठलं बेअरिंग बिघडू लागलंय ते महिना-महिना आधी कळतं. चाक धावताना निखळलं तर मागचे वीस डबे त्याच्या पाठोपाठ आडवे होतात, हे त्या यार्डात कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे ही पेटी ऐकणार," कानसेन म्हणाला. "आणि मी काय, टाळ्या वाजवू?"

"नाही काका. तुम्ही तिला शिकवायचं."

त्याला वाटलं बाई गोड बोलून कोपऱ्यात बसवतायत. पण गोष्ट खरी होती. पेटीनं हजारो आवाज गोळा केले होते, पण कुठला कशाचा हे तिला कोण सांगणार? यार्डमास्तरांच्या खोलीशेजारच्या फायली ठेवायच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि दोन हेडफोन आले. रोज दुपारी दोन तास कानसेन तिथं बसू लागला.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. बाईंनी एक आवाज लावला आणि विचारलं, "हा कशाचा?"

"हा? वाळूतली चप्पल."

"म्हणजे?"

"बेअरिंगमध्ये वंगण संपलंय, कचरा गेलाय. पण असं वाजतं कसं? वाळूतून चप्पल घासत चालावं तसं. ऐका नीट."

बाईंनी ऐकलं आणि हसत हसत तेच लिहिलं. पुढचा आवाज होता 'लग्नातली मावशी', म्हणजे बोलते फार पण कुणाचं वाईट करत नाही. ही नुसती सैल साखळी. 'म्हाताऱ्याचा खोकला' म्हणजे चाकाची एक बाजू घासून चपटी झालेली, दर फेऱ्याला एक ठसका. नावं तात्पुरती होती, पण तात्पुरतं म्हणून ठेवलेलं काय कधी हलतं? दोन आठवड्यांनी यार्डमास्तरांच्या संगणकावर पहिला इशारा उमटला: "डबा सतरा, चाक तीन, वाळूतली चप्पल." यार्डमास्तर गंभीर माणूस. त्यांनी चष्मा पुसून तो तीनदा वाचला. मग बेअरिंग उघडलं, तर आत खरोखर खरखरीत काळा चिखल.

कानसेन त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत गेला.

त्याच सुमाराला यार्डात आणखी एक पाहुणं आलं. डबे इकडून तिकडे ढकलायला जे जुनं, धूर ओकणारं डिझेल इंजिन होतं त्याच्या जागी बॅटरीवर चालणारं इंजिन आलं. धूर नाही, धडधड नाही. ते मांजरासारखं यायचं. आल्या आल्या तिसऱ्याच दिवशी कानसेन एका डब्याचा ब्रेक बघून मागे सरकला आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबत बोंब ठोकली. इंजिनाचं नाक कानसेनच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबलं होतं.

"अहो, भोंगा दिला ना मी!"

"कधी दिलास?"

कानसेननं रीतसर तक्रार केली. असल्या चोरपावलांच्या इंजिनाला घंटा बांधा, नाहीतर माणसं मरतील. मुद्दा रास्त होता. घंटा बांधली गेली, पितळी, बारीक आवाजाची, इंजिन हललं की आपोआप वाजणारी. सगळं यार्ड आठवडाभरात वैतागलं. कानसेन मात्र म्हणायचा, "बांधली खरी, पण वाजते कुठे ती?"

"वाजते कुठे?" ड्रायव्हर कपाळावर हात मारायचा. "माझ्या जेवणाच्या डब्यात वाजते, माझ्या अंथरुणात वाजते!"

इकडे फायलींच्या खोलीत एक तिढा पडला. पेटी काही चाकांवर पुन्हा पुन्हा बोट ठेवत होती आणि कानसेन त्याच चाकांसमोर 'स्वच्छ' लिहीत होता. एकदा नाही, दोनदा नाही, अडतीस डब्यांच्या बाबतीत.

"तुमच्या पेटीला भास होतात," तो म्हणाला.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी यार्डमास्तरांना बोलावलं, दोघांना एकेक हेडफोन दिला आणि त्यातला एक आवाज लावला.

"अरे हो," यार्डमास्तर म्हणाले. "सुई घासल्यासारखं. बारीक सूं सूं. येतंय की!"

कानसेननं डोळे मिटले. मान डोलावली. अनुभवी माणूस डोलावतो तशी, सावकाश. "येतंय," तो म्हणाला. "पण काही नाही हो, वारा आहे तो."

यार्डमास्तरांचा फोन वाजला, ते बाहेर गेले. कानसेननं डोळे उघडले तेव्हा त्यांच्या हातात एक वायरचं टोक होतं. त्याच्याच हेडफोनचं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"मी मुद्दाम नाही केलं, काका," त्या हळूच म्हणाल्या. "मघाशी ओढलं गेलं असेल. पण तुमच्या कानाला हा वारा कुठून लागला?"

कानसेन ताडकन उठला, हेडफोन टेबलावर आदळला आणि बाहेर पडला. बाकावर बसला. संताप आला की चेहरा तापतो, तसा तापला होता. बाई आगाऊ, पेटी आगाऊ, सगळं जग आगाऊ. समोरून ते बॅटरीचं इंजिन चार डबे ढकलत गेलं. त्याच्या कपाळावर पितळी घंटा होती. तिचा लोलक हलत होता. डावीकडे आपटत होता, उजवीकडे आपटत होता, पुन्हा डावीकडे.

आणि आवाज नव्हता.

इंजिन लांब जाईपर्यंत तो बघत राहिला. खोटं कशाला बोला, सगळ्यात आधी त्याला नोकरीच आठवली. मग सोळा तडे आठवले. आणि मग ते अडतीस डबे आठवले, ज्यांच्यासमोर त्यानं स्वतःच्या अक्षरात 'स्वच्छ' लिहिलं होतं. त्यातले किती इथं उभे होते आणि किती माल भरून कुठल्या गावांच्या कडेनं धावत होते?

तो उठला आणि थेट यार्डमास्तरांच्या खोलीत गेला.

"साहेब, माझे कान गेलेत. अर्धे तरी. त्या अडतीस डब्यांवरचं माझं लिहिलेलं खोडा. पेटी म्हणते ते धरा आणि डबे थांबवा."

यार्डमास्तरांनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"कळलं असतं तर लपवलं असतं का?"

"लपवलं असतंस," यार्डमास्तर म्हणाले, आणि ते खरंही होतं. त्यांनी फोन उचलून कानसेनच्या बायकोला लावला आणि आवाज मोठा केला. "वहिनी, यांना ऐकू कमी येतं का हो?"

पलीकडून ग्रंथालयातला दबका आवाज आला. "तीन वर्षं झाली. दारावरची बेल मी एकटीच ऐकते. मी सांगितलं की म्हणतात, विचार करत होतो. एवढा विचार केला असता तर आज माणूस मंत्री झाला असता."

यार्डमास्तर हसले नाहीत, पण हसू दाबायला त्यांना पुन्हा चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी आधी सगळ्या स्टेशनांना निरोप धाडले आणि नंतर कानसेनला मनसोक्त झापलं. क्रम बरोबर होता, म्हणून त्यालाही वाईट वाटलं नाही.

पुढचे चार दिवस डबे परत येत राहिले. एकेक बेअरिंग उघडलं गेलं आणि प्रत्येक वेळी टॉर्च धरायला कानसेन स्वतः उभा राहिला. पस्तीस ठिकाणी किरकोळ सुरुवात होती, आणखी काही महिने चाललं असतं. तीन ठिकाणी मात्र बेअरिंगमधल्या रोलरांचे पोलादी पापुद्रे सुटून खड्डे पडले होते. त्यातला एक डबा रसायनाच्या टाकीचा. कानसेननं त्यातल्या खड्ड्यावरून अंगठा फिरवला. कान फसवतील, अंगठ्याला सगळं कळत होतं.

"भास मला होत होते," तो बाईंना म्हणाला. माफी मागायची त्याची तेवढीच पद्धत होती. बाईंना ती पुरली.

कानाच्या डॉक्टरांनी एक उतरता आलेख दाखवला. जाड आवाज शाबूत, बारीक आवाज साफ. सव्वीस वर्षं हातोडी आणि ब्रेकच्या किंचाळ्या, दुसरं काय होणार? श्रवणयंत्रं बनून यायला महिना होता. तोवर रुळांमध्ये पाऊल ठेवायचं नाही असा हुकूम सुटला आणि कानसेनची रवानगी पूर्णवेळ फायलींच्या खोलीत झाली.

त्याला वाटलं, आपण आता रद्दीत जमा. पण दुसऱ्याच आठवड्यात पेटी अडखळली. सिमेंटच्या कारखान्याकडून येणाऱ्या गाडीची बारा-बारा चाकं तापलेली दिसायची, दर खेपेला निराळी. पेटी म्हणायची बेअरिंग बिघडतायत. बेअरिंग उघडावं तर आत सगळं ठणठणीत. बाई डोकं धरून बसल्या.

"लावा तो आवाज," कानसेन म्हणाला. हा आवाज जाड होता, त्याच्या हक्काचा. त्यानं वायर जोडलेली आहे याची आधी खात्री केली, मग ऐकलं. "हे बेअरिंग नाहीच. ही घरी न जाणारी सून आहे. ओढून नेतायत आणि ती पाय रोवतेय."

"काका, मराठीत सांगा."

"ब्रेक पुरता सुटलेला नाही. माल भरताना तिथले लोक हातब्रेक आवळतात आणि निघताना त्या ब्रेकचं चाक अर्धंच उलटं फिरवतात. मग इंजिन सगळी वाट ब्रेक लावलेले डबे फरफटत आणतं."

दोघं कारखान्यात गेले. माल भरणाऱ्या मंडळींचा मुकादम आडदांड होता. तो म्हणाला, "आम्ही पूर्ण सोडतो." कानसेननं वाद न घालता हातब्रेकचं चाक आणखी दोन फेरे उलटं फिरवून दाखवलं. खाली ठोकळा चाकापासून सुटल्याचा खट्ट आवाज झाला. मुकादम ओशाळून हसला आणि लगेच आपल्या माणसांवर ओरडला, जणू त्याला हे जन्मापासून माहीत होतं. त्या आठवड्यापासून एकही चाक तापलं नाही. महिनाअखेरीला ड्रायव्हरांनी सांगितलं की त्या गाडीला दर खेपेला डिझेल बरंच कमी लागतंय आणि चढावर इंजिन काळा धूर सोडत नाही. यादीत मात्र आता 'घरी न जाणारी सून' कायमची बसली. बाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, "सुनाच का नेहमी?" म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच ते बदलून 'घरी न जाणारा जावई' केलं.

श्रवणयंत्रं आली. चाचणी झाली, एकदा नापास आणि एकदा पास. तेव्हापासून कानसेन सकाळी पेटीनं दिलेल्या यादीतले आवाज ऐकतो आणि दुपारी नारिंगी जाकीट घालून त्याच डब्यांवर हातोडी घेऊन जातो. दुसऱ्या यार्डांतून तपासनीस शिकायला येतात. पहिल्या दिवशी तो त्यांना आधी कान तपासून घ्यायला धाडतो. "त्यात लाज कसली," म्हणतो, "मी तीन वर्षं विचार करत होतो."

घरी मात्र नवीनच त्रास सुरू झाला. यंत्रं लावून पहिल्या रविवारी तो पंख्याखाली बसला आणि बघता बघता त्याचा चेहरा ताठ झाला.

"अगं, हा वाजतोय. बेअरिंग गेलंय याचं."

"अहो, तो दहा वर्षं वाजतोय. वाजू दे."

पण ऐकतो कोण? आता तर ऐकू येत होतं. त्यानं स्टूल आणलं, पंखा उतरवला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्याचे सगळे भाग मांडले, वंगण घातलं आणि संध्याकाळपर्यंत परत वर चढवला. पंखा आता चिडीचूप फिरतो. फक्त वर्तमानपत्रावर एक स्क्रू उरला होता. बायकोनं तो वाटीत घालून कपाटावर ठेवलाय, आणि त्या पंख्याखाली ती अजून बसत नाही.