थोरल्या मास्तरांचा वस्तरा

सलूनला पाटी एक, पण मास्तर दोन. थोरले मास्तर म्हणजे वडील. धाकटे मास्तर म्हणजे त्यांचा मुलगा. तो पन्नाशीला टेकला, स्वतःच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नाही, तरी गिऱ्हाइकांच्या तोंडी धाकटाच राहिला. खुर्च्याही दोनच. खिडकीजवळची थोरल्यांची. तिच्यात बसणारे सगळे त्यांच्याच वयाचे. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, बोलायला मात्र सगळ्यांना येतं.

थोरल्यांच्या हाताखाली दाढी कमी आणि गप्पा जास्त.

"हलू नका हं पोस्टमन. कान हातात आला तर मी काय करू?"

"तिकीट लावा आणि घरी पाठवून द्या," फेसातून पोस्टमन म्हणत. त्यांना निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण हा विनोद अजून नोकरीत होता.

मग थोरल्यांचा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, मग शर्टाची बटणं सापडेनात. वस्तऱ्याचं मात्र वेगळं होतं. रडणारं मूल कडेवर घेतलं की गप्प होतं ना, तसा वस्तरा गालाला टेकला की तो हात गप्प व्हायचा. धाकटा त्यावरच भिस्त ठेवून होता.

एका बुधवारी हात गप्प झाला नाही. पोस्टमनच्या हनुवटीवर रक्ताची रेघ उमटली.

"काही नाही हो," आरशात बघत पोस्टमन घाईघाईनं म्हणाले, "सकाळी पुटकुळी फोडली होती मी. माझीच खोड."

थोरल्यांनी तुरटी लावली.

त्या रात्री जेवताना धाकट्यानं विषय काढायचा ठरवलं. घसा खाकरला. "अण्णा…"

"काय रे?"

"मीठ द्या जरा."

बायकोनं कपाळाला हात लावला. आत आल्यावर म्हणाली, "उद्या मिठाऐवजी साखर मागा, म्हणजे तोंड तरी गोड होईल. अहो, सांगून टाका ना सरळ!"

"काय सांगू? ज्यांनी मला वस्तरा धरायला शिकवला, त्यांना म्हणू की ठेवा खाली?"

त्यानं दुसरी वाट काढली. थोरले रोज सकाळी आपल्या वस्तऱ्यात ब्लेड स्वतःच भरायचे, त्या कामात कुणी हात घातलेला खपायचा नाही. भरून झालं की मागच्या मोरीत तोंड धुवायला जायचे. तेवढ्यात धाकटा येऊन ब्लेड काढून घ्यायचा. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना त्यानं आधीच विश्वासात घेतलं होतं. सकाळी थोरल्यांकडून फेस, गप्पा आणि रिकामा वस्तरा घ्यायचा. दुपारी थोरले घरी झोपले की परत येऊन खरी दाढी करून घ्यायची. पांढरे खुंट पांढऱ्या फेसात दिसत नव्हते, आणि थोरल्यांच्या बोटांना सदाच्या मुंग्या. राहिला प्रश्न आवाजाचा. तो पोस्टमननी सोडवला. वस्तरा गालावरून उतरला की ते ओठांच्या कोपऱ्यातून "खर्र… खर्र…" करायचे.

"आज दाढी फार बोलतेय तुमची," थोरले म्हणायचे.

"मालकावर गेलीय," पोस्टमन म्हणायचे, आणि धाकटा पाठ फिरवून उगाच कंगवे पुसत बसायचा.

आपण मोठं शहाणपणाचं काम केलं, असं धाकट्याला वाटत होतं. एक दिवस तो सुटे आणायला शेजारच्या दुकानात गेला, पोस्टमनही उठून गेले होते. वापरलेलं ब्लेड टाकायचं काम रोज धाकट्याचं; तेवढं वाचवावं म्हणून आज थोरल्यांनीच वस्तरा उघडला.

धाकटा परत आला तेव्हा थोरले जमिनीवर गुडघे टेकून खुर्चीखाली हात फिरवत होते.

"काय शोधताय अण्णा?"

"काही नाही." ते खुर्चीला धरून उठले. ब्रश धुतला, कापडाची घडी घातली, रोजच्यापेक्षा नीट. "मी घरी जातो."

संध्याकाळी धाकटा घरी आला, तर बायको स्वयंपाकघराच्या दारातच उभी. तिनं डोळ्यांनीच त्याला थांबवलं. आत थोरले बोलत होते.

"सूनबाई, यापुढे गॅस मला लावू देऊ नकोस. आणि बाहेर पडलो तर कुणीतरी सोबत द्या."

"असं का म्हणता अण्णा?"

"हात गेला त्याचं काही नाही गं. पण आज मी ब्लेड न भरताच दाढी केली. भरल्याचं चांगलं आठवतंय मला, आणि वस्तरा रिकामा. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू विसरले. शेवटी मला विचारायचे, आपण कोणाचे?"

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं आवाज न करता फक्त ओठ हलवले: आता तरी मीठ मागू नका.

तो आत जाऊन थोरल्यांच्या पायाशी बसला. "अण्णा, ब्लेड तुम्ही भरलं होतं. काढलं मी."

"काय?"

"मी काढत होतो. रोज. तुम्ही तोंड धुवायला गेलात की."

थोरले त्याच्याकडे वाकले. "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"रोज भरत होतो?"

"रोज. नीट, घट्ट."

"नक्की ना? बरं वाटावं म्हणून नाही सांगत?"

"तुमची शपथ."

थोरल्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग एकदम उघडले. "आणि ती खर्रखर्र?"

"पोस्टमन. तोंडानं."

"गाढव!" ते गरजले. पोस्टमनला की मुलाला, ते कळलं नाही. मग पोट धरून इतके हसले की सुनेला पाणी आणावं लागलं. हसून झाल्यावर त्यांनी थरथरता हात मुलाच्या टकलावर ठेवला.

"हात गेला तर हात गेला म्हण. मला वाईट वाटेल, दोन दिवस बोलणार नाही, पण सोसेन. मला सांभाळायच्या नादात माझं डोकंच काढून घेऊ नकोस रे."

"चुकलो अण्णा."

बोलल्याप्रमाणे ते दोन दिवस खरंच बोलले नाहीत. मग बुधवारी सलूनमध्ये आले. पोस्टमनच्या गळ्याभोवती कापड बांधलं. फेस केला तो असा दाट, की धाकट्याला कधी जमला नाही. गालावर ब्रश हळूहळू गोल फिरवत नातवंडांची चौकशी केली, गुडघ्यांची केली. मग वस्तऱ्यात ब्लेड भरलं, वस्तरा क्षणभर हातात धरला आणि मुलापुढे केला.

"घे. उलटा हात मारू नकोस, त्यांची कातडी नाजूक आहे."

स्वतः ते पोस्टमनच्या मागे उभे राहिले आणि दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. तळवे थरथरत होते, पण डोकं जागचं हललं नाही. धाकट्यानं वस्तरा टेकवला.

"खर्र…" डोळे मिटून पोस्टमन म्हणाले.

"गप्प बसा," थोरले म्हणाले, "आता खरं ब्लेड आहे."